‘अभ्यासात नाव घालू का?’ फिट्सच्या रुग्णांनी सही करण्याआधी

परळ, दादर, गिरगाव, लालबाग या पट्ट्यातल्या वाचकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. घरात कुणाला तरी फिट्स येतात, मोठ्या हॉस्पिटलात औषध चालू आहे, आणि एका खेपेला ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘आमचा एक अभ्यास चालू आहे, तुमचं नाव घालू का?’ हातात चार-पाच पानांचा कागद येतो, मागे रांग खोळंबलेली असते. हो म्हटलं तर आपल्या माणसावर प्रयोग होतील आणि नाही म्हटलं तर पुढच्या वेळी नीट बघणार नाहीत, अशा दोन्ही शंका एकदमच मनात येतात.

प्रश्न याच भागातून जास्त येतो, त्यात नवल नाही. केईएम, वाडिया, नायर, जे.जे. ही रुग्णालयं जवळजवळ आहेत, आणि डॉक्टर जिथे शिकतात तिथे संशोधनही चालतंच. पण ‘अभ्यास’ या नावाखाली नुसता केसपेपर वाचण्यापासून कवटी उघडण्यापर्यंत काहीही येऊ शकतं. त्यामुळे ‘घालावं’ किंवा ‘घालू नये’ असं सरसकट उत्तर देता येत नाही. एक प्रश्न मात्र सगळ्यांनी सगळ्यात आधी विचारावा.

चालू गोळीला हात लागणार आहे का?

फिट्सच्या आजारात सगळी भिस्त रोजच्या गोळीवर असते. गोळी अचानक बंद झाली, कमी झाली किंवा बदलली तर फिट परत येते, कधी थांबतच नाही. म्हणून अभ्यासाचं भारदस्त नाव बाजूला ठेवा आणि हे विचारा. उत्तर साधारण पुढीलपैकी एक येईल.

* ‘नाही, फक्त माहिती घेणार.’ तुमचा इतिहास, जुने रिपोर्ट, फिट्सची संख्या. मुंबईत याचं एक जुनं उदाहरण आहे. डॉ. नादिर आणि डॉ. एडी भरूचा यांच्या गटाने शहरातल्या पारशी वसाहतींत १४ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. १९८८ मध्ये छापून आलेल्या त्या कामात हजारी सुमारे ४.७ लोकांना हा आजार असल्याचं दिसलं. अशा अभ्यासात धोका नाममात्र असतो. नाव गुप्त राहील ना, एवढं विचारून होकार द्यायला हरकत नाही.
* ‘नाही, पण एखादी तपासणी जास्त करू.’ एक नळी रक्त, जादा ईईजी, कधी एमआरआय. खर्च कोण करणार आणि रिपोर्ट तुम्हाला मिळणार का, हे विचारा. याबद्दल पुढे थोडं सविस्तर लिहिलं आहे.
* ‘चालू गोळ्या तशाच, वर एक नवीन.’ ही खरी औषध-चाचणी. ती नवीन गोळी औषधाची असेल किंवा औषध नसलेली, हुबेहूब दिसणारी, म्हणजे प्लासिबो. इथे घाई नको.
* ‘गोळी बदलणार’ किंवा ‘दोनपैकी कुठली द्यायची ते चिठ्ठीने ठरणार.’ दोन्ही औषधं बाजारात रुळलेली असतील तर हे ऐकायला वाटतं तितकं भयंकर नाही. पण आत्ताच्या गोळीवर तुमच्या फिट्स पूर्ण थांबल्या असतील, तर या प्रकारात शिरण्याचं मला तरी कारण दिसत नाही.

चिठ्ठी टाकून औषध ठरवणं अनेकांना बेजबाबदारपणा वाटतो. पण डॉक्टरांनी निवड केली तर सौम्य रुग्ण एका बाजूला आणि अवघड रुग्ण दुसऱ्या बाजूला जातात, मग औषधाचा गुण कळत नाही. ब्रिटनमधल्या ‘सनद-२’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिट्ससाठी लेव्हेटिरासिटॅम हे लॅमोट्रिजिनच्या तोडीचं असल्याचं त्यात सिद्ध होऊ शकलं नाही. आपल्याकडे लेव्हेटिरासिटॅम पहिली गोळी म्हणून सर्रास लिहिली जाते, म्हणून मुद्दाम सांगितलं. हे वाचून आपापली गोळी बदलायला जाऊ नका. कुठली गोळी कुणाला, हे फिटचा प्रकार, वय, इतर आजार आणि गरोदरपणाची शक्यता पाहून ठरतं.

रक्ताच्या एका नळीतून काय निघतं

केईएमच्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागात रक्तातली औषधाची पातळी मोजण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे. फेनिटॉइन हे औषध स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण लहरीही आहे. डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम उसळू शकते. मग माणूस झोकांड्या खातो, बोबडं बोलतो, दोन-दोन दिसतात आणि घरच्यांना वाटतं आजार बळावला. साधारणपणे १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही पातळी योग्य मानतात. हे औषध यकृतात पचवणारं एक जनुक काही लोकांत मंद असतं आणि अशांना फेनिटॉइनची बाधा लवकर होते. केईएमच्या गटाने भारतीय रुग्णांत हा संबंध तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. एका नळी रक्तापुरता त्रास आणि मिळालेली माहिती थेट डोसशी जोडलेली, असे अभ्यास घेण्यासारखे असतात.

रक्त द्यायला जाताना सकाळची गोळी घेऊन जायची की रक्त दिल्यावर घ्यायची, हे आदल्या खेपेलाच विचारून ठेवा. पातळी बहुधा गोळीच्या आधी मोजतात. अशा वेळी गोळी सोबत न्या आणि रक्त दिल्या दिल्या तिथेच घ्या. रिकाम्या पोटी रांगेत उभं राहून गोळी चुकली आणि त्यातून फिट आली, असं होऊ देऊ नका.

केईएममधलंच आणखी एक काम घरोघरी माहीत असायला हवं होतं. फेनिटॉइन चालू असलेल्या दोन रुग्णांत औषधाची पातळी घसरली आणि फिट्सवरचा ताबा सुटला. शोध घेतल्यावर कळलं, ते शंखपुष्पीही घेत होते. केईएमशी जोडलेल्या शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी मग उंदरांवर प्रयोग केले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. काही दिवस सोबत दिल्यावर शंखपुष्पीने फेनिटॉइनची रक्तातली पातळीही उतरवली आणि परिणामही कमी केला. परीक्षेच्या दिवसांत मुलांना स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पीचं सिरप आपण किती सहज देतो! म्हणून अभ्यासात नाव घालताना काढे, चूर्णं, सिरपं, जिमची पावडर, मासिक पाळीच्या गोळ्या, उपवास, सगळं सांगा. संकोचाने लपवलेली बाटली तुमच्या जिवालाही नडते आणि अभ्यासाचा निष्कर्षही बिघडवते.

निदान पक्कं आहे ना?

प्रत्येक चक्कर, प्रत्येक बेशुद्धी ही अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार, नसते. उन्हात रांगेत उभं राहून कोसळणं, हृदयाचे ठोके बिघडणं, मानसिक ताणातून येणारे झटके, ही सगळी फिटसारखीच दिसू शकतात. निदान चुकलेलं असेल तर कुठल्याही औषधाच्या चाचणीतून तुम्हाला लाभ नाही. नाव घालण्याआधी स्वतःहून एवढं करा:

* झटका येत असताना मोबाईलवर व्हिडिओ घ्या. चेहरा, डोळे आणि दोन्ही हात दिसायला हवेत. संकोच वाटतो, पण ओपीडीतल्या पाच मिनिटांत त्या व्हिडिओइतकी माहिती दुसरं काही देत नाही.
* झटका प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला सोबत न्या. चाळीत पहिल्यांदा धावून आलेल्या शेजारच्या काकूंनी जास्त पाहिलेलं असतं.
* एकदा काढलेला ईईजी नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं ठरत नाही. गरज पडली तर रात्री कमी झोप घेऊन पुन्हा ईईजी काढतात. केस धुऊन, तेल न लावता जा. सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नका.
* एमआरआय झाला असेल तर फिल्म किंवा सीडीही न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

नवीन औषधाची चाचणी: हे समजून घ्या

या चाचण्यांत बहुतेक वेळा अशा रुग्णांना घेतात ज्यांच्या फिट्स चालू औषधांनी थांबत नाहीत. ग्लासगोच्या ५२५ रुग्णांच्या अभ्यासात (२०००), आधी औषध न घेतलेल्या रुग्णांपैकी पहिल्या औषधाने ४७ टक्के जणांच्या फिट्स थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या, तिसऱ्याने किंवा एकत्रित औषधांनी जेमतेम ४ टक्क्यांच्या. दोन योग्य औषधं योग्य डोसात देऊनही फिट्स चालूच असतील तर तज्ज्ञ तो आजार ‘औषधाला दाद न देणारा’ मानतात.

अशा रुग्णाने तिसऱ्या-चौथ्या गोळीच्या चाचणीत शिरण्याआधी एक प्रश्न विचारावा, असं माझं ठाम मत आहे: ‘माझी शस्त्रक्रियेसाठी तपासणी झाली आहे का?’ दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं वर्षाच्या शेवटी फिट्समुक्त होती आणि फक्त औषधांवर असलेल्यांत ७ टक्के. दुसरी बाजूही ऐका. शस्त्रक्रिया झालेल्या साधारण एक तृतीयांश मुलांत गंभीर परिणाम नोंदले गेले, त्यात शरीराच्या एका बाजूची ताकद कमी होणंही आलं, आणि मेंदूच्या ज्या भागावर काम करायचं त्यावरून ते बऱ्याच अंशी अपेक्षित होतं. प्रत्येकाला शस्त्रक्रिया चालत नाही. पण ती चालेल की नाही, हे पाहिलंच गेलं नाही, असं तरी होऊ नये.

चाचणीचा साचा बहुधा ठरलेला असतो. आधी काही आठवडे फक्त फिट्सची नोंद, मग चिठ्ठी, मग हळूहळू वाढवलेला डोस, मग काही महिने तोच डोस. तुम्हाला काय मिळतंय हे तुम्हालाही माहीत नसतं आणि डॉक्टरांनाही. प्लासिबो गटात पडलात तर चालू गोळ्या सुरूच राहतात, पण फिट्सही सुरू राहतात. २०११ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त ११२ चाचण्यांचा एकत्रित हिशोब आला. परिणामकारक डोसात औषध मिळालेल्यांमध्ये आजाराशी निगडित आकस्मिक मृत्यूचं प्रमाण प्लासिबो गटापेक्षा सुमारे सातपटीने कमी होतं. असे मृत्यू दोन्हीकडे विरळच होते, तरी फरक आहे. म्हणून विचारा:

1. फिट्स वाढल्या तर मला चाचणीतून कधी आणि कसं बाहेर काढणार?
2. लांबलेली फिट थांबवण्याचं औषध, म्हणजे नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा, घरी देणार का?
3. रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा? तो नंबर चालू आहे का, हे घरी जाऊन एकदा लावून बघा.
4. चाचणी संपल्यावर औषध लागू पडलं असेल तर ते पुढे मिळणार का?

फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर चाचणीच्या फोनची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. तोवर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा आणि चप्पल जिथल्या तिथे राहू द्या.

कागदावरचे हक्क

देशात मार्च २०१९ पासून नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम लागू आहेत. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तुमच्या उपयोगाचं एवढं:

* माहितीपत्रक मराठीत मागा. ते घरी नेऊन वाचायला, फॅमिली डॉक्टरांना दाखवायला वेळ मागा. ‘आत्ताच सही करा’ म्हणणाऱ्याला ‘पुढच्या खेपेला सांगतो’ एवढंच उत्तर पुरेसं आहे. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.
* वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवायचं असतं. अगदी नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल घटकांतल्या रुग्णाच्या संमतीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. कॅमेरा पाहून बिचकू नका, तो तुमच्या बाजूचा आहे.
* सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारा. देशातल्या चाचण्यांची ही सरकारी नोंदवही २००७ पासून चालू आहे आणि तिच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. क्रमांक टाकला की कुणाला घेणार, कुणाला नाही, खर्च कोण करतंय, सगळं दिसतं. कॉलेजात जाणाऱ्या भाचीला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.
* एथिक्स कमिटीचा संपर्क माहितीपत्रकावर असतो. या समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यात कायदा जाणणारी व्यक्ती आणि सामान्य नागरिकही असतात, आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. तक्रार डॉक्टरांकडे करणं अवघड वाटलं तर इथे करा.
* इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत, आणि इजा चाचणीमुळे असेल तर भरपाईही. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र ८ लाख रुपये मूळ धरून वय आणि धोक्याप्रमाणे चालतं. ठरलेलं फिट थांबवण्याचं औषध उपलब्ध असूनही दिलं नाही आणि त्यातून इजा झाली, तर तीही यात बसते. गंभीर घटना डॉक्टरांनी २४ तासांत कळवायची असते, म्हणून कुठेही दाखल झालात तरी चाचणीच्या डॉक्टरांना लगेच सांगा.
* कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता. तुमचे नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत. ‘नाही म्हटलं तर बघतील का’ या शंकेचं उत्तर हेच आहे.

शिकवणाऱ्या रुग्णालयांत बरेच अभ्यास निवासी डॉक्टरांच्या एमडीच्या प्रबंधाचे असतात. त्यात कमी काही नाही, पण प्रबंध संपला की तो डॉक्टर जातो आणि त्याचा मोबाईल नंबर तुमच्या हाती राहतो. विभागाचा लँडलाइन आणि मार्गदर्शक डॉक्टरांचं नाव कागदावर लिहून घ्या.

मुलं आणि तरुण मुली

मुलांसाठी सही पालकांची, पण सात वर्षांवरच्या मुलाला विचारणं आवश्यक आहे: अकरापर्यंत तोंडी, बारा ते अठरा लेखी. वाडियाच्या ओपीडीत आठ-नऊ वर्षांचं पोर ‘मला सुई नको’ म्हणतं, तेव्हा ते ऐकून घ्यायचं असतं. दादरच्या शुश्रूषा रुग्णालयातल्या गटाने भारतीय मुलांना दिलेल्या किटोजेनिक आहारावरचं काम २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. भरपूर तूप-तेल आणि अगदी मोजका भात-पोळी असा हा आहार काही मुलांत फिट्स आटोक्यात आणतो. मात्र तो वाचून घरी सुरू करायचा नाही. मूल रक्त-लघवीच्या तपासण्यांखाली असावं लागतं. खोकल्याच्या गोड सिरपने किंवा शेजारणीने प्रेमाने दिलेल्या लाडवानेही गणित बिघडतं, म्हणून घरातल्या आजी-आजोबांची तयारी आधी हवी.

लग्नाच्या किंवा मूल होण्याच्या वयातल्या मुलींनी दोन गोष्टी विचारायच्याच. एक, चाचणीत व्हॅलप्रोएट आहे का? मोठ्या आंतरराष्ट्रीय नोंदीत गरोदरपणी हे औषध घेतलेल्या साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात दोष आढळला. दुसरं, गर्भनिरोधक कुठलं वापरायचं? कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन यांच्यासोबत पाळणा लांबवण्याच्या गोळ्या भरवशाच्या राहत नाहीत. चाचणीत असताना दिवस गेले तर गोळी स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी कळवा. नाव फुटेल का, ही काळजी घरच्यांना असते. अभ्यासाच्या कागदांवर नावाऐवजी क्रमांक वापरतात. आणि १९९९ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्न रद्द करण्याचं कारण उरलेलं नाही.

नाव घातल्यावर

फिट्सची डायरी हा अभ्यासाचा कणा आहे. तारीख, वेळ, किती मिनिटं, झोप किती झाली होती, गोळी चुकली होती का, हे त्याच दिवशी लिहा. डॉक्टर रागावतील म्हणून चुकलेली गोळी लपवली तर औषध निरुपयोगी ठरवलं जाईल, तेही तुमच्यासारख्या हजारोंसाठी.

भेटींच्या तारखा ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. लालबाग-गिरगावात गणपतीचे दहा दिवस आणि विसर्जनाचा दिवस हॉस्पिटलात पोचणं जिकिरीचं असतं, आणि निम्मं घर कोकणात गेलेलं असतं. भेट दोन-चार दिवस मागेपुढे चालते, पण ते आधी सांगावं लागतं. गावी जाताना गोळ्या लागतील त्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त न्या आणि चाचणीचं कार्ड पाकिटात ठेवा, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना काय चालू आहे ते कळेल. रात्रभर दर्शनाच्या रांगेत उभं राहणं मात्र ज्यांच्या फिट्स जागरणाने येतात त्यांनी टाळावं, चाचणीत असोत की नसोत.

बाहेर पडायचं ठरलं तर चाचणीची गोळी एका दिवसात टाकून देऊ नका. ‘मला थांबायचंय, कमी कशी करू?’ असं विचारा आणि कमी करण्याचा तक्ता लिहून घ्या. उरलेल्या गोळ्या परत करा, शेवटच्या तपासणीचे रिपोर्ट मागून घ्या आणि ते केसपेपरला लावून पुढच्या ओपीडीला न्या.